लॉक तुटला म्हणजे काय झाले?

गेल्या महिन्यात एका सकाळी शेजारच्या वहिनींनी आमचे दार वाजवले ते घाबऱ्या घाबऱ्याच. त्यांची धाकटी मुलगी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करते. आदल्या रात्री ती फोनवर एवढेच म्हणाली होती, "आई, काल झोपच नाही. रात्रभर लॉक तुटत होता. आजही तेच." आणि फोन ठेवून दिला होता. वहिनींनी रात्र जागून काढली. मुलींचे वसतिगृह, रात्रीची वेळ, कुलूप तोडणारा कोण, तक्रार दिली की नाही, असे नाना विचार. "भाऊ, तुम्ही पेपरात लिहिता, तुमची कुणाशी तरी ओळख असेल. एक फोन लावा की तिथं," असे त्या म्हणाल्या.

आम्ही फोन लावला तो मुलीलाच. ती आधी हसली, मग ओशाळली. "काका, कुलूप नाही हो. लेझरचा लॉक. शनिवारी घरी येतेय, तेव्हा नीट सांगते. आईला म्हणावं, खोलीचं कुलूप शाबूत आहे."

शनिवारी ती आली. आम्हीही जेवणानंतर त्यांच्याकडे जाऊन बसलो. बसतो न बसतो तोच वहिनींचे लक्ष मुलीच्या हाताकडे गेले. हात मोकळा. एम.एस्सी. झाली तेव्हा दादांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिला स्टीलच्या पट्ट्याचे चांगले घड्याळ घेऊन दिले होते. "घड्याळ कुठाय? हरवलंस?" मुलीने पिशवीतून घड्याळ काढून दाखवले. प्रयोगशाळेत ते घालता येत नाही. अंगठी नाही, बांगड्या नाहीत. लेझरचा झोत चकचकीत धातूवर पडला की आरशावरून उसळावा तसा उसळतो, आणि मग तो कुणाच्या डोळ्यात शिरेल त्याचा नेम नाही. त्यातून हिचा लेझर मोठा फसवा. त्याची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, म्हणजे तांबड्या रंगाचे अगदी शेवटचे टोक. डोळ्याला तो जेमतेम फिका ठिपका दिसतो, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. पण आतल्या पडद्यावर पडणारा उजेड मात्र पुरता असतो. म्हणून खास चष्मा घालून काम करायचे. "रोज घालतेस ना चष्मा?" हे वहिनींनी त्या संध्याकाळी तीनदा विचारले. आम्हाला ते एकदाही जास्त वाटले नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. ही मुलगी तिथे करते काय? रुबिडियम नावाच्या धातूची वाफ घेते आणि तिचे अणू उजेडाने थंड करते. उजेडाने वस्तू तापते हे आपल्याला माहीत. उजेडाने थंड कशी होईल? खोलीच्या तापमानाला रुबिडियमचा अणू सेकंदाला सुमारे २७० मीटर वेगाने धावत असतो. समोरून येणारा उजेड त्याने गिळला की त्याला एक बारीक धक्का बसतो आणि वेग सेकंदाला सुमारे ६ मिलिमीटरने कमी होतो. असे चाळीस-पंचेचाळीस हजार धक्के बसले की तो जवळजवळ थांबतो. सगळ्या बाजूंनी उजेड सोडला आणि चुंबकाची जोड दिली की हवा काढून घेतलेल्या काचेच्या डबीत अणूंचा छोटासा ढग लोंबकळत राहतो. त्यातल्या अणूंचा वेग सेकंदाला दहा-वीस सेंटिमीटर, म्हणजे मुंगीपेक्षा थोडा जास्त. उजेडाने अणू थंड करण्याच्या आणि अडकवण्याच्या पद्धतींसाठी १९९७ सालचे नोबेल पारितोषिक स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानुजी आणि विल्यम फिलिप्स या तिघांना मिळाले.

पण अणू कुठलाही उजेड गिळत नाही. त्याला हवा तोच रंग लागतो. रंग म्हणजे उजेडाची लाट सेकंदाला किती हेलकावे घेते तो आकडा. रुबिडियमच्या या रंगाचा आकडा आहे सुमारे ३८४ लाख कोटी, आणि चालणारी चूक अवघी ६० लाखांची. हे प्रमाण ध्यानात यावे म्हणून आम्ही हिशेब करून पाहिला. मुंबई ते नागपूर एवढा रस्ता मोजायचा आणि चूक सव्वा सेंटिमीटरच्या वर जाऊ द्यायची नाही, असा हा मामला आहे.

वापरतात तो लेझर मात्र साधा. सीडी प्लेअरमध्ये असायचा त्याच जातीचा. सीडी वाचणारा लेझरही ७८० नॅनोमीटरचाच, त्यामुळे तो घाऊक बनू लागला, स्वस्त झाला आणि जगभरच्या लहानसहान प्रयोगशाळांना रुबिडियम परवडू लागला. गाणी ऐकायच्या सोयीतून विज्ञानाचे असे भले झाले. पण स्वस्त वस्तूचा स्वभाव चंचल. साध्या डायोड लेझरचे तापमान एक अंशाने बदलले की त्याचा आकडा तीनेक हजार कोटींनी सरकतो. म्हणजे अंशाचा हजारावा भाग जरी इकडचा तिकडे झाला तरी लेझर अणूच्या हद्दीबाहेर.

आणि असे लेझर एक नाही, दोन लागतात. का, ते मुलीने वर्तमानपत्राच्या कडेला चित्र काढून सांगितले. रुबिडियमच्या अणूला तळाशी दोन पायऱ्या आहेत, एक वरची, एक खालची. पहिल्या लेझरचे धक्के वरच्या पायरीवरच्या अणूलाच बसतात. हजारो धक्क्यांत कधीतरी अणू घसरून खालच्या पायरीवर पडतो आणि मग पहिला उजेड त्याला दिसेनासाच होतो. अशा अणूला उचलून पुन्हा वर ठेवायचे काम दुसऱ्या लेझरचे. तो नसेल तर डोळ्याचे पाते लवण्याच्या आत सगळे अणू खाली घसरतात, आणि ढग नाही म्हणजे नाही. या दुसऱ्याचा आकडा पहिल्यापेक्षा सुमारे ६५६ कोटी ८० लाखांनी वर पाहिजे. हेच ते अंतर. ते राखायचे, यालाच त्यांच्या भाषेत लॉक करणे म्हणतात.

येथे थोडे विषयांतर. या दोन लेझरांना इंग्रजीत मास्टर आणि स्लेव्ह, मालक आणि गुलाम, म्हणण्याची जुनी पद्धत आहे. दोन यंत्रांचे नाते सांगायला आणखी शब्दच सापडले नसतील असे आम्हाला वाटत नाही. अलीकडे कित्येक ठिकाणी पुढचा आणि मागचा अशा अर्थाचे शब्द वापरू लागले आहेत, ते बरे झाले. आम्ही आपले पहिला आणि दुसरा एवढेच म्हणू.

तर अडचण ही की सेकंदाला ३८४ लाख कोटी हेलकावे थेट मोजील असे विजेवर चालणारे यंत्रच नाही. मोजता येत नाही ते राखायचे कसे? मुलगी सांगायला लागली, "दोन्ही झोत एका काचेवर एकत्र आणायचे, आणि मग..." तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेले दादा म्हणाले, "पेटीसारखं?"

दादा महापालिकेच्या वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झाले. पण तीस वर्षे त्यांनी आमच्या वसाहतीच्या गायन पार्टीत पेटी वाजवली, आणि पेटीचे सूर लावायला आसपासच्या चार वस्त्यांतून लोक त्यांच्याकडे येत. दुहेरी सुरांच्या पेटीत एका पट्टीखाली दोन पितळी रीड असतात. दोन्ही अगदी एक असतील तर आवाज सरळ येतो. एक सेकंदाला २४० वेळा आणि दुसरी २४३ वेळा हलत असेल, तर आवाज डुलायला लागतो. सेकंदाला बरोबर तीनदा चढतो, तीनदा उतरतो. दादांना २४० माहीत नाही आणि २४३ही माहीत नाही. त्यांना मधले तीन ऐकू येतात, आणि त्या तिनावरून ते रीड घासतात.

मुलगी वडिलांकडे बघतच राहिली. "हेच, अप्पा. अगदी हेच."

दोन लेझर एकत्र पडले की उजेडही असाच डुलतो, दोघांच्या फरकाइतक्या वेळा. समोर उजेडाची वीज करणारी एक बारीकशी चकती ठेवतात, तिच्यातून तेवढ्याच वेळा कमीजास्त होणारी वीज निघते. सेकंदाला ६५६ कोटी हाही लहान आकडा नव्हे, पण तो रेडिओ-मोबाईलच्या घरातला आहे आणि त्याला हाताळणारी यंत्रे बाजारात मिळतात. त्यातून एक ठरलेला आकडा वजा करून तो आणखी खाली आणतात. उजेडाला हात लावता येत नव्हता, फरकाला लावता येतो.

पुढे हा फरक तोलायचा कसा, त्याची एक सोपी रीत जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी १९९९ साली छापली आणि ती पुष्कळ ठिकाणी वापरात आली. आलेला संकेत दोन वाटांनी पाठवायचा. एक वाट थेट, दुसरी काही मीटर केबलमधून. केबल टीव्हीच्या डिशला लागते तशाच धर्तीची. एक मीटर केबल ओलांडायला संकेताला सेकंदाचा सुमारे वीस कोटीवा भाग जास्त लागतो. पुढे दोन्ही वाटा एका ठिकाणी आणून एकमेकींशी ताडून पाहायच्या. फरक ठरवल्याप्रमाणे असेल तर बाहेर येणारी वीज शून्य. फरक वाढला तर ती एका बाजूला झुकते, घटला तर दुसऱ्या बाजूला. ही झुकलेली वीजच दुसऱ्या लेझरला परत देतात आणि ती त्याला मागे किंवा पुढे सारते. पहिला लेझर रुबिडियमच्या वाफेला बांधलेला असतो, दुसरा पहिल्याच्या मागे ठरल्या अंतराने चालतो. पहिला हलला तर दुसराही तेवढाच हलतो. हे सेकंदाला हजारो वेळा, माणसाने हात न लावता चालू असते. दादांनी विचारले, "म्हणजे केबल हीच मोजपट्टी?" होय, चार मीटर केबल हीच मोजपट्टी.

आणि हा लॉक तुटतो कशाने? कुणी दार आपटले. मजल्यावरून कुणी खुर्ची ओढली. पंप सुरू झाला. वातानुकूलनाचे यंत्र बंद पडून पुन्हा चालू झाले. लेझर झटक्यात इतका सरकतो की परत आणणाऱ्या विजेची पोच संपते, आणि तो सुटतो. हे रडगाणे नवे नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या राउंड हिल येथे जसेजा, जावन आणि टाउन्स या संशोधकांनी १९६३-६४ च्या सुमारास दोन लेझरांचा फरक मोजून उजेडाचा वेग दिशेनुसार बदलतो का हे तपासले. हादरे नकोत म्हणून त्यांनी तो प्रयोग मद्य साठवण्याच्या एका जुन्या तळघरात मांडला होता. वेग बदललेला दिसला नाही. आमच्या मुलीला तळघर नाही. दारावर "हळू लावा" असे तिने स्वतःच्या अक्षरात चिकटवले आहे.

आम्हाला वाटले, विषय संपला. पण दादांच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. ते म्हणाले, "एक सांग. डुलणं ऐकून फरक कळतो. पण वर कोण आणि खाली कोण, ते कसं कळतं? पेटीत तर कळत नाही."

मुलीच्या हातातले पेन थांबले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "अप्पा, हे तुम्ही मला महिन्याभरापूर्वी विचारायला हवं होतं."

मग तिने त्या दोन रात्रींची खरी हकिगत सांगितली. फोनवर आईला ती सांगितली नव्हती. रंग मोजायचे त्यांचे यंत्र दुरुस्तीला गेले होते. तिने लॉक लावायला घेतला. तो धरेच ना, सारखा तुटे. तेव्हा तिने दुरुस्तीची दिशा उलटी करणारा खटका फिरवला, आणि लॉक टक्क बसला. पडद्यावर फरक बरोबर, ६५६ कोटी ८० लाख. सगळे दिवे हिरवे. ढग मात्र येईना. तिने चुंबक तपासले. आरसे पुन्हा जुळवले. डबीतली हवा नीट काढली गेली आहे की नाही ते पाहिले. पहाटे चारला सगळे होते तिथेच. त्यात दार आपटले की लॉक तुटे, तो पुन्हा लावायचा. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या वर्षाचा अहवाल महिन्यावर आला होता. तिला वाटू लागले की हे काम आपल्याने व्हायचे नाही, घरी सांगून टाकावे. हे ती वहिनींकडे न पाहता बोलली.

चूक ती होती, जी दादांनी बसल्या जागी हेरली. दुसरा लेझर पहिल्याच्या वर असायला हवा होता, तो तेवढ्याच अंतराने खाली जाऊन बसला होता. फरक दोन्हीकडे सारखाच. डुलणे तेच, आकडा तोच. चकतीला वर-खाली कळत नाही, तिला फक्त अंतर कळते. खालच्या बाजूला रुबिडियमला हवा तो रंगच नाही, मग घसरलेल्या अणूंना उचलणार कोण? "खटका उलटा करावा लागला, तेव्हाच कळायला हवं होतं," ती म्हणाली. खालच्या बाजूला असताना लेझर जितका वर सरकेल तितका फरक घटतो, वरच्या बाजूला असताना वाढतो. दुरुस्तीची दिशा उलटते ती म्हणूनच. खटका तिला ओरडून सांगत होता, ती आकड्याकडे पाहत होती.

"मग पकडलंस कसं?" आम्ही विचारले.

"लॉक सोडला. दुसऱ्या लेझरला हातानं किंचित वर ढकललं. फरक वाढायला हवा होता, तो कमी झाला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला."

दादा हसले. पेटीत तेही हेच करतात. दोनपैकी एका रीडच्या तोंडाशी बोट थोडे आडवे धरायचे, तिचा सूर किंचित उतरतो. डुलणे वाढले तर ती आधीच खाली होती, कमी झाले तर वर होती. मग कळते घासायचे कुठे. टोकाला घासले की सूर चढतो, बुडाशी घासले की उतरतो. हे त्यांना कुणी शिकवले नाही. एका पेटीची दोन रीड उलट घासून वाया गेली, त्यातून ते शिकले. त्या रीडचे पैसे पदरचे भरावे लागले होते, हे वहिनींनी लगेच आठवण करून दिले.

वहिनींना मात्र दुसरेच विचारायचे होते. "एवढं करून त्या ढगाचं करता काय?" प्रश्न रास्त होता. मुलीच्या प्रयोगात पुढे तो ढग खाली पडू द्यायचा आणि तो किती वेगाने पडतो ते पुन्हा अशाच दोन लेझरांनी मोजायचे आहे. या दोघांतले अंतर पायऱ्यांमधल्या अंतराएवढे, सुमारे ६८३ कोटी. त्यावरून त्या जागेची गुरुत्वाकर्षणाची ओढ कळते. पायाखाली पाणी जास्त असेल तर ओढ केसभर जास्त, कमी असेल तर कमी. जमिनीत पाण्याचा एक मीटर जाडीचा सलग थर वाढला, तर ओढ सुमारे सव्वादोन कोटीव्या भागाने वाढते. एवढ्याशा फरकासाठी एवढी उठाठेव.

हाच विचार आकाशातही केलेला आहे. २२ मे २०१८ रोजी अमेरिका आणि जर्मनीने ग्रेस फॉलो-ऑन नावाचे दोन जुळे उपग्रह सोडले. एकामागे एक, सुमारे २२० किलोमीटर अंतराने पृथ्वीभोवती फिरणारे. त्यांच्यावर प्रयोग म्हणून लेझर बसवले. एकाचा झोत दुसऱ्यापर्यंत पोचेतो अगदी क्षीण होतो, तेव्हा दुसरा आपला लेझर त्याच्याशी १ कोटीच्या फरकाने लॉक करून ताजा झोत परत धाडतो. वाटेत खालची ओढ बदलली की दोघांतले अंतर अणुरेणूइतके हलते, आणि ते पकडता येते. त्यांच्या आधीची जोडी २००२ पासून २०१७ पर्यंत हेच काम रेडिओलहरींनी करत होती. तिच्या नोंदींवरून २००९ साली निघालेल्या हिशेबाप्रमाणे राजस्थान, पंजाब आणि हरियाणात २००२ ते २००८ या सहा वर्षांत १०९ घन किलोमीटर भूजल घटले. वहिनींचे माहेर लातूरकडचे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी गेले, तेव्हा त्यांचे भाऊ घागरी घेऊन रांगेत उभे होते. त्या एवढेच म्हणाल्या, "मग हे चांगलं काम आहे. पण रात्री जेवत जा."

दादा तोवर उठून माळ्यावरून पेटी काढत होते. बऱ्याच दिवसांत भाता हलला नव्हता. मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबली तर आवाज चांगलाच डुलत होता. "मोज," ते म्हणाले. मुलीने पिशवीतले घड्याळ घेतले, सेकंदकाट्याकडे पाहत बोटे मोडू लागली. दहा सेकंदांत एकवीस. दादांनी रीडशी बोट धरले. चोवीस. म्हणजे ही खालची. त्यांनी कानस मागितली, टोकाला दोन हात मारले. पुन्हा मोजणी. चौदा. पुन्हा कानस. सहा. चहा झाला तरी दोघे उठेनात.

रविवारी संध्याकाळच्या गाडीने ती पुण्याला गेली. घड्याळ पेटीवरच राहिले. वहिनींनी ते पुसून कपाटात ठेवले आहे, आणि आता फोनवर लॉक तुटला असे ऐकले की त्या पहिला प्रश्न विचारतात, वर आहे की खाली?